एव्हारिस्तोमामांच्या जागी मी चिखलात

तीर्थरूप एव्हारिस्तोमामांना,

ओदिल्दाचा दंडवत. (साष्टांग घातला असता, पण कंबर अजून वाकत नाही.) पायाचं प्लास्टर कधी निघतंय? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. माझ्या बाबतीत हे मुद्दाम कळवावं लागतंय.

तुम्ही फोनवर म्हणालात, उत्तरेतून थंडी काढायला आलेले पक्षी तर मोजायचे, यात भिण्यासारखं काय आहे? मामा, ओहोटीच्या वेळी मी प्रुदेन्सियाबाईंच्या मागून बरीच आत गेले. (त्या चाळीस वर्षं याच चिखलात शिंपल्या वेचतात. "माझ्या पावलावर पाऊल ठेव, पोरी," असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. मी हो म्हटलं. माझं हो तुम्हाला ठाऊक आहे.) त्या वेचत पुढे गेल्या आणि मी तुतवारांच्या थव्यासाठी वाट सोडली. दोन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय उपसावा तर दुसरा मांडीपर्यंत आत. लांबवर एक पांढरी रेघ दिसली. मला वाटलं, बगळे. दुर्बीण लावली, तर भरती!

तोंडाला अशी कोरड पडली की हाकच फुटेना. सान्ता लिब्रादाला नवस बोलले; पाणी ऐकेना. पाण्याने रेटलेले तुतवार मात्र माझ्याकडे सरकत आले, इतके की चोचीवरचा चिखल दिसावा. दुसरं काही हातात नव्हतं, म्हणून मोजायला लागले. आकडा थांबला की छाती धडधडे, म्हणून थांबलेच नाही, आवाज चढवत गेले. तीनशे बाराला पाणी कमरेला लागलं. चारशे सहाला मी हंबरडाच फोडला. तो ऐकून प्रुदेन्सियाबाई वळल्या आणि छातीखाली फळी घेऊन चिखलावरून सरपटत आल्या.

"आडवी हो! आडवी, बाई! मेलीस तर तुझ्या मामाला काय तोंड दाखवू?"

काखेत धरून त्यांनी मला ओढून काढलं. फळीवर घालून किनाऱ्यापर्यंत ओढत नेलं. वाळूवर आल्यावर पदराआड ठेवावं तसं मला जवळ घेतलं, तोंड पुसलं आणि स्वतःच थरथर कापायला लागल्या. खरी भीती मला तेव्हा वाटली.

तक्त्यात चारशे सहा लिहिले आहेत. हे पत्र म्हणजे माझा राजीनामा समजा.

तुमची भाची,
ओदिल्दा

ता.क. आईला वाचून दाखवू नका. तिला सांगितलंय, होडीतून मोजले.

ता.क. दुसरा. शेवटच्या तुतवाराच्या पायात उत्तरेत कुणीतरी खुणेसाठी घातलेली हिरवी पट्टी होती. डोळ्यांत पाणी असल्याने तिच्यावरचा आकडा वाचता आला नाही, आणि तेव्हापासून झोप नाही. तुमची लांब पल्ल्याची दुर्बीण शनिवारच्या ओहोटीआधी पाठवा. नाहीतर मला पुन्हा तितकंच जवळ जावं लागेल.