एकेकाचे टेबल

दि. ४ मार्च २०१९

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोचले. लग्नाआधीच त्या सुताराबरोबर बिऱ्हाड थाटणार, हे वाचून तुझ्या आईने दूध उतू घालवले. मी मात्र तुझा मुद्दा मान्य करतो. मडकेसुद्धा आपण वाजवून घेतो. अट एकच. पारख आहे तोवर ती पारखच राहू दे. प्रत्येक वस्तू त्याची तरी असावी किंवा तुझी तरी; दोघांची एकही नको. उद्या वेगळे व्हायची वेळ आलीच, तर ओढाताण होणार नाही. आई म्हणते, या माणसाने मुलीच्या संसाराचेही लेखापरीक्षण मांडले. म्हणो बापडी.

खुशाली कळवीत जा, एवढेच मागणे.
तुझा,
बाबा

दि. १९ ऑगस्ट २०१९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची अट तंतोतंत पाळते आहे. तो जेवायला एक लांब टेबल करणार होता. मी म्हटले, दोन कर, एकेकाचे. तो हसून म्हणाला, तुझे बाबा या घरातले तिसरे भाडेकरू आहेत. पण केली हो त्याने! चष्म्याच्या कारखान्यातून मी आले की आम्ही ती जोडून लावतो. मधल्या फटीत पावाचा चुरा अडकतो. तो कुणी काढायचा यावरून रोज तंटा, आणि रोज हसू. आईला सांगा, तिची लेक सुखात आहे.

माया आहे तशीच असू द्यावी.
तुमची,
खारू

दि. २ नोव्हेंबर २०२१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तो गेला. भांडण झाले नाही. लग्नाचे मीच विचारले होते. त्याने रंधा पुसून ठेवला. मग म्हणाला, आपण एकमेकांकडे पाहुण्यासारखे राहिलो, आणि पाहुण्याशी लग्न कसे करतात ते मला ठाऊक नाही. तापाने फणफणला असताना मी शोधून शोधून त्याच्याच पेल्यात औषध दिले होते म्हणे. मला आठवतही नव्हते.

त्याने सामान उचलले तेव्हा मी दारात उभी होते. एखाद्या वस्तूवर तरी त्याचा हात अडेल, हे कुणाचे म्हणून विचारेल, असे वाटत होते. कुठेच अडला नाही. आपले टेबल माझ्या टेबलापासून सोडवले आणि गेला. तुम्ही म्हणाला होता तसेच झाले, बाबा. ओढाताण झाली नाही. कारखान्यातल्या बायका विचारतात, लग्नाआधी एकत्र राहिलात म्हणून प्रेम आटले का? त्यांना काय सांगू? एकत्र राहिलो होतो का, तेच मला कळत नाही.

तुमची,
खारू

दि. ९ नोव्हेंबर २०२१

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आईने माझ्या हातातून घेतले, वाचले, आणि माझ्याशी बोलणे टाकले. काल एकदाच तोंड उघडले. विचारले, या घरातली तुमची खुर्ची कोणती ते दाखवा. मी घरभर फिरलो. दाखवता आली नाही.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. शनिवारी, वीस तारखेला, दोघेही न्यायला येतो. सामान किती आहे ते कळव. त्या मापाची गाडी ठरवतो.

तुझा,
बाबा

दि. १३ नोव्हेंबर २०२१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टेबल आणत नाही. एकटी जेवते तरी ताट आपोआप त्याचे टेबल जोडायचो त्या कडेला सरकते. घरमालकीणबाईंना देऊन टाकले.

गाडी लहानच सांगा. आवरायलाही वेळ लागायचा नाही. माझे सामान पहिल्या दिवसापासून आवरलेलेच आहे.

आईला नमस्कार. तिला बोलते करा.
तुमची,
खारू