गॅलरीतली रद्दी

४ मार्च, मंगळवार

वाट लागली! जयवंत सरांची चाळीस वर्षं मी रद्दीवाल्याला देऊन बसले.

सकाळी सर म्हणाले, "मनाली, गॅलरीतली रद्दी काढ गं. रविवारी शेवंती येतेय." मला वाटलं, पाहुण्या येणार म्हणून साफसफाई. खाली लवूची हातगाडी होतीच. चार गठ्ठे दिले, वर त्याच्या कुत्रीच्या पिल्लांवर अर्धा तास गप्पा!

दुपारी सर म्हणतात, "काढलीस? मग वाच बघू." स्वतःच्या नाट्यपरीक्षणांच्या कात्रणांना सर रद्दी म्हणतात. मला काय माहीत! कामाच्या नवव्या दिवशी? डोळे गेलेत त्यांचे, वाचून दाखवायलाच तर ठेवलंय मला.

"उद्या वाचते," म्हटलं.

५ मार्च, बुधवार

लवूचं दुकान गाठलं. म्हणाला, "माल पुढे गेला ना. बघतो. पण दुकानासमोर रडू नको यार, लोक मला बोलतील."

रडत नव्हते. थोडीच.

मॉल, पार्लर, वर्सोव्याला मासळी निवडणं – सहा कामं सोडली. हे पहिलं, जे सुटू नये वाटतंय. सर नाटकाचं सांगायला लागले की मी एका जागी बसते! आज सांगत होते – भर दरबारात राजाची मिशी गळाली. राजाने ती उचलून प्रधानाच्या हातात ठेवली, "घ्या, राज्य सांभाळा!" सर हसून हसून खोकले. मी पाणी दिलं.

मग म्हणाले, "चाळीस वर्षांत मध्यंतरात एकदाही उठलो नाही. पडदा पडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा आपला धर्म."

७ मार्च, शुक्रवार

नाही मिळालं. काही नाही मिळालं.

रविवारी वाचून दाखवायला सरांना एकच परीक्षण हवंय – नटी शेवंतीबाईंच्या मुलुंडच्या प्रयोगाचं. त्यानंतर बाई गावी गेल्या, नाटक सुटलं. परीक्षण त्यांनी कधी वाचलंच नाही.

मीच लिहिते. दुसरा मार्ग नाही.

९ मार्च, रविवार

वाचलं. "दुसऱ्या अंकात शेवंती नुसती उभी राहिली आणि अख्खं थिएटर उठून उभं राहिलं..."

बाईंचा कप तोंडाशी थांबला. "अवो जयवंतराव, दुसरो अंक झालोच खंय? मध्यंतरात बाबा गेल्याचो निरोप इलो. मी तशीच गावाक गेलंय. प्रयोग थंयच मोडलो!"

मेले मी. तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "पोरीला नको बोलूस. लिहिलं मीच. मध्यंतरात उठून घरी आलो होतो, शेवंती."

मग बाई हसत सुटल्या. "म्हणजे मी जो अंक करूकच नाय, तोच माझो सगळ्यात बरो!" हसता हसता पदर डोळ्यांना.

माझ्यासाठी सर खोटं बोलले. तेसुद्धा बाईंसमोर, तेसुद्धा मध्यंतराचं! उद्या सगळं कबूल करणार. मग हाकलोत.

१० मार्च, सोमवार

हिंमत झाली नाही.

११ मार्च, मंगळवार

लवूने एक गठ्ठा आणून दिला, दुकानातल्या वजनकाट्यामागे राहिलेला. वरच आहे ते परीक्षण. पिवळं, कोपरा कुरतडलेला. "दुसऱ्या अंकात शेवंतीने कळस गाठला." खाली सरांचं नाव.

आतून सर म्हणतायत, "मनाली, ती गॅलरीतली रद्दी आता देऊनच टाक गं."