ह्यांचं गवत

ती. तामाएताईस,

फुमिएचा वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन चांगल्या ओळी लिहाव्यात हे आईचं वळण. पण फुजिएदात यंदा लिहिण्यासारखा ऋतूच नाही, नुसता उकाडा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? समोर येईल त्याला शब्दांची फोड करून सांगायची भावोजींची सवय गेली का? (शाळेतून निवृत्त झाले तरी गेली नसणार. मी का विचारते ते पुढे कळेल.)

ताई, आमचे हे प्रसिद्ध झाले. उभी हयात फुटबॉलच्या संघात मागे बचावाला खेळले तेव्हा शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता, आणि बूट खुंटीला टांगल्यावर आता इंटरनेटवर गाजताहेत. आमच्या चिहायाने बाबांना विरंगुळा म्हणून फोनवर व्हिडिओ करायला लावला. फोन मी धरला. विषय होता, घसरत जाऊन समोरच्याचा चेंडू कसा काढावा. हे घसरले ते थेट मी अंगणात वाळत घातलेल्या उमेबोशीच्या सुपांमध्ये. उठले आणि कंबरेत वाकून त्या खारवलेल्या फळांची रीतसर माफी मागितली. व्हिडिओखाली शेकडो लोकांनी एकच शब्द लिहिला: गवत. एकाने तर 'अफाट कुरण' असं लिहिलं.

ह्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "फुमिए, मैदानाची जाण असलेली माणसं अजून आहेत गं." तेव्हापासून विषय एकच. बागेत पालथे पडून पाती दाखवतात, वास घेतात, एकदा तर चावूनही पाहिलं. जितकं हे गवतावर बोलतात, तितकं खाली गवत उगवतं.

खरा उलगडा केला तो माझे केस कापणाऱ्या मित्सुयोने. हल्लीची मुलं 'हसू आलं' असं पूर्ण लिहीत नाहीत, 'वाराउ' ह्या आपल्या हसण्याच्या शब्दाचं पहिलं इंग्रजी अक्षर, डब्ल्यू, तेवढं टाकतात. फार हसू आलं की डब्ल्यूंची रांग. ती रांग उगवलेल्या गवतासारखी दिसते, म्हणून गवत म्हणजे हसू, आणि कुरण म्हणजे हसून गडाबडा लोळणं. मी खुर्चीतच गार पडले.

पण ह्यांना सांगू कशी? खेळ सुटल्यापासून ह्यांच्या तोंडी तीनच शब्द उरले होते: जेवण, आंघोळ, झोप. आता सकाळी मिसोचं सूप निवेपर्यंत माझ्याशी बोलत बसतात. गवतावर बोलतात, पण बोलतात. मला ते फार हवं होतं, ताई. (फोन धरताना मात्र तोंडात टॉवेल कोंबावा लागतो. चित्र हललं की म्हणतात, "हात कापायला लागला तुझा, वय झालं.")

बाकी क्षेम.

तुझी,
फुमिए

ता. क. ओबोनच्या सणाला तुम्ही दोघं याल तेव्हा भावोजींनी ह्यांच्यासमोर 'गवत' ह्या शब्दाची फोड करू नये, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. गप्प बसले तर त्यांना भाजलेली ईल मासळी खाऊ घालीन.

आणखी एक ता. क. (ताई, हे अक्षर माझं आहे. तिकीट लावायला पाकीट माझ्याकडे आलं, आणि ते उघडं होतं.) गवताचा अर्थ मला चिहायाने पहिल्याच आठवड्यात सांगितला. पण इतक्या वर्षांच्या संसारात फुमिएला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला कळलंय हे तिला कळलं, तर बिचारी ओशाळून हसणंच सोडून देईल. तेव्हा भावोजींना गप्प बसवायचं तेवढं बघा.

आपला,
यासुमासा