डावं शिंग

४ मार्च
डावं शिंग आजही आलं नाही. उजवं कसं झोकात उभं राहिलं — तपकिरी, टोकाशी वळलेलं, अगदी एडक्याचं. डावीकडे कॉम्प्युटरचा नुसता काळा पडदा. उजवीकडे बावीस टोकं, डावीकडे बावीस. सगळी दोनदा वाचून पाहिली. शेगडी विझली तरी उठले नाही.
दारातून जाऊबाई डोकावल्या. “अर्धाच एडका कापलास का गं, धाकटे?” आणि हसत गेल्या.

६ मार्च
शाळेतली कॉम्प्युटरची खोली मी एकोणीस वर्षं झाडली. हातात केरसुणी, कान फळ्याकडे. निवृत्त झाले तेव्हा मास्तरांनी एक जुनं यंत्र आणि पुठ्ठा फाटलेलं रशियन पुस्तक दिलं. त्यावर चाललंय हे.
यंत्राला फक्त त्रिकोण कळतो. तीन टोकं सांगा, मधली जागा ते रंगाने भरतं. शिंग म्हणा, फूल म्हणा, सगळे त्रिकोणाला त्रिकोण जोडून. मला ते लगेच उमगलं. तुकडे जोडण्यातच तर जन्म गेला!
जोडण्यात. कापण्यात नाही. या घरात येऊन बेचाळीस वर्षं झाली. सुरी उलकन जाऊबाईंची, सुई माझी. तपकिरी आणि पांढरा लोकरीचा नमदा एकावर एक ठेवून त्या एकदाच कापणार आणि चहा प्यायला उठणार. पुढे अख्खा हिवाळा मी शिवणार, तेव्हा कुठे जमिनीवर अंथरायचं शिर्दाक होणार. आणि कोचकोर गावभर नाव कशाचं? उलकनच्या शिर्दाकचं! नवी सून होते तेव्हा एकदा म्हटलं होतं, मला कापू द्या. म्हणाल्या, सुई शोभते तुझ्या हातात. नंतरही विचारलं. उत्तर तेच.

९ मार्च
बायकांची सहकारी संस्था चालवते ती झ्यपारा अठ्ठावीसला येणार. मागच्या शरद ऋतूपासून जाऊबाईंचे हात थरथरतात, पेला धड धरवत नाही. आता कापायचं कोणी ते ठरवायला येते आहे. जाऊबाईंनी फोनवर परस्पर सांगूनही टाकलं — अत-बाशीहून माझ्या भाचीला बोलवा, आमच्या घरात कापायला माणूस नाही.
मी समोरच बसले होते. दोरा वळत. माणूस नाही!
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.
ठरवलंय. नमुना पडद्यावर नेमका काढायचा, शाळेत कागदावर छापून घ्यायचा, त्याबरहुकूम कापायचं. बघू दे झ्यपाराला.

१० मार्च
शिंग नाहीच.

१३ मार्च
सापडलं! चूक यंत्राची नव्हती, माझ्या डोक्यातल्या सुरीची होती.
मी टोकं लिहिली ती सुरी चालते तशी. उजव्या शिंगाला शेंड्यापासून आतल्या कडेने खाली, डाव्यालाही तसंच. नमद्यावर ते बरोबर. पण यंत्र टोकांचा फेरा बघतं. घड्याळाच्या उलट फिरलात तर तोंड तुमच्याकडे, घड्याळासारखे फिरलात तर पाठ. आणि पाठ दिसली की काढायचंच नाही, अशी ओळ मी पुस्तकातून न समजता उतरवून घेतलेली. डावं शिंग होतं जागेवरच. बिचारं पाठ करून उभं होतं.
टोकांचा क्रम उलटा केला. आलं! दोन्ही शिंगं, समोरासमोर.
उठून चहात लोणी घातलं. सांगायला कोणी नव्हतं.

२१ मार्च
नोरुझचा सण. सकाळपासून सुमोलोकच्या कढईत आळीपाळीने डाव फिरवला. एका बाजूला जाऊबाई, एका बाजूला मी. शेजारणी गोड बोलत होत्या. आम्ही दोघी गव्हाच्या खिरीकडे बघत होतो.

२३ मार्च
आतापर्यंतची टोकं भिंतीवरच्या शिर्दाकवरून घेतली होती, माझ्या शिवणीवरून. आज ट्रंकेतला न शिवलेला जोड काढला. मोठे दीर गेले त्या वर्षी जाऊबाईंनी कापला आणि तसाच राहिला. तेव्हा त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता. वर दोरी नाही, कडा उघड्या, मोजायला सोपं. मधोमध खूण केली, फूटपट्टीने टोकन् टोक उतरवलं. यंत्राला दिलं.
डावं शिंग वाकडं. चांगलं दोन बोटं खाली कललेलं.
माझंच मोजणं चुकलं असणार.

२५ मार्च
तीनदा मोजलं. वाकडंच आहे.
भिंतीवरची तिन्ही शिर्दाकं खाली उतरवली. तीही मोजली. एकातही डाव्या-उजव्या शिंगात केसाचा फरक नाही.
मग हाताला आठवलं. दर हिवाळ्यात डाव्या बाजूला मी नमदा ओढते, थोडा दाबते, वर पिळाची दोरी बसवून कड झाकते. वाटायचं, नमदा वाळताना आक्रसतो. सगळ्यांचाच आक्रसत असेल. बेचाळीस वर्षं काप वाकडा, आणि मी बोल लावला नमद्याला!
दोन्ही नमुने पडद्यावर ठेवणार. एकामागून एक. झ्यपारासमोर, जाऊबाईंसमोर. मीच कधी ओढून धरलं नसतं तर काय दिसलं असतं, ते दिसू दे सगळ्यांना.
आज घास गोड लागतोय. वाईट आहे मी. असू दे.

२८ मार्च
झ्यपारा यायच्या आधी जाऊबाईंना एकटीला दाखवलं. तोंड पडलेलं बघायचं होतं. त्यांनी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं.
“पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं मला,” म्हणाल्या. “मी दिलं वाकडं, तू परत दिलंस सरळ. तुला सुरी दिली असती तर सुई कोणाला देणार होते? भाचीचंही तूच सरळ केलं असतंस.”
दाराशी गाडी वाजली.
झ्यपाराने सरळ नमुना पाहिला, त्यावरून मी कापलेला तुकडा हातात फिरवून पाहिला, आणि म्हणाली की आता सुरी सायराबाईंकडे. म्हणजे माझ्याकडे. जाऊबाई भिंतीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात झ्यपाराने स्वतःच पुढची कळ दाबली आणि दुसरा नमुना आला. हे वाकडं कोणी कापलं, तिने विचारलं.
“आम्ही दोघींनी,” मी म्हटलं. “अजून शिवायचं राहिलंय.”