एकही हुक निघाला नाही

१५ मे १९७१, शनिवार

काल संध्याकाळी सव्वापाचला वादळ. चांगुणाच्या घराचं छप्पर उडून गोठ्यावर पडलं. मेव्हणे कानिफनाथ बैल सोडायला आत गेले होते. जागीच गेले. आज सकाळी अग्नी दिला.

चांगुणा माझी धाकटी बहीण. छप्पर मीच घातलेलं, मार्चात.

आंघोळ केली. जेवलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही.

१६ मे, रविवार

पडलेलं छप्पर मोजलं. एकपाखी, बावीस फूट लांब. अकरा दहाफुटी पत्रे, अठ्ठ्याऐंशी हुक, प्रत्येकाला डांबरी वायसर. एकही हुक निघालेला नाही! पत्रा वाशावरून सूतभर हललेला नाही.

वाटलं होतं, हे लिहिताना बरं वाटेल.

१७ मे, सोमवार

तलाठी पंचनाम्याला आले. ओट्यावर ही गर्दी. शेजारचे गोरक्षनाथ सगळ्यांदेखत म्हणाले, "आमी पत्र्यावर दगडं ठिवायचो. ह्या मिस्तरीनं काढाया लावली. म्हनं, खाली पडली तं डोकं फुटंल!"

मागून कुणीतरी — "मंग आता काय ऱ्हायलं फुटायचं?"

म्हातारी साळूबाई ओरडली, "गप बसा रं मुडद्यांनो! आत बाई बसलीय."

आतून चांगुणाचा आवाज आला, "दादाचं काम चोख हाय. कुनी काय बोलू नका."

दगडाखाली पाणी साचतं, पत्रा गंजतो. पंधरा वर्षं सांगतोय. त्यात चूक नाही.

१९ मे, बुधवार

शिडी लावून भिंतीवर चढलो. भिंत दगड-मातीची, अठरा इंची, शाबूत. वाशांच्या खाचा तशाच आहेत. नुसत्या खाचा!

पत्रा वाशाला बांधला. वासा भिंतीला बांधलाच नाही. खाचेत ठेवला, वरून चिखल लिंपला. इकडे सगळे तसंच करतात. पण सगळ्यांचे पत्रे सुटे — वाऱ्यानं दोन-चार उडतात, आतला वारा निघून जातो. माझे हुक सुटले नाहीत. म्हणून सगळंच उचललं गेलं, डब्याचं झाकण उचलावं तसं.

दगड असते तर वजनानं —

दगड असते तर कदाचित राहिलं असतं. लिहून ठेवतो.

मी चौथी पास. बाकी सगळं पुस्तकं आणून शिकलो, कुणाच्या हाताखाली नाही. पुस्तकात पत्रा, हुक, वासा, असं चित्र होतं. भिंतीपाशी चित्र संपत होतं.

२० मे, गुरुवार

अशी छपरं मी आणखी नऊ घातली आहेत.

२२ मे, शनिवार

दुपारनंतर रोज आभाळ येतं. बन्सीच्या घरापासून सुरुवात केली. वाशाच्या बुडाला दुहेरी तार. भिंतीत तीन फूट खाली आरपार भोक. त्यातून तार फिरवायची आणि पहारीनं पीळ देऊन ताठ करायची. दिवसात तीन घरं झाली.

बन्सी म्हणाला, "काय ओ मिस्तरी, छप्पर आवळताय का बैलगाडी? आन् हे तवाच का न्हाई केलं?"

"जादा मजबुती," म्हणालो. माणूस सरळ आहे, लगेच चहा टाकायला सांगितला.

घरी राहीबाईनं ताट वाढताना विचारलं, "वन्सना सांगनार का न्हाई?"

"दहावा होऊ दे."

"दहावा तिच्या नवऱ्याचा हाय. तुमचं कशापायी अडलंय?"

पाठ फिरवून चुलीपाशी गेली.

२३ मे, रविवार

दहावा. कावळा लगेच शिवला. सांगितलं नाही. दुपारनंतर तीन घरं आवळली.

२४ मे, सोमवार

नऊ घरं पूर्ण. तळहात सोलवटले आहेत. दुखत नाहीत.

२५ मे, मंगळवार

चांगुणाला सांगितलं. ती बाजरी पाखडत होती. खाच, वासा, भिंत — सगळं क्रमानं सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही.

म्हणाली, "ठावं हाय मला, दादा. ह्यांनी तार आनली हुती. म्हनले, वासं भितीला आवळून घेऊ. तू हसलास. मंग टाकली त्यांनी गोठ्यात."

घरी येऊन मार्चची पानं काढली. पत्र्यांची मापं आहेत. हुकांची संख्या आहे. हसलो, असं कुठं लिहिलेलं नाही.