डावीकडे उघडणारा शर्ट

३ मार्च

चि. ढब्बू यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. आत नुसतं पेपरचं कात्रण, चिठ्ठीचा तुकडासुद्धा नाही. फोटोत सुटलायस की आणखी! मोठा कारखानदार झालास, आनंदच आहे. पण बाबा रे, ते वाचून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दुपारी तुझ्या काकांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, हे तुला माहीत आहे. निम्म्यावर आले आणि तो प्रश्न आला, की अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी शर्ट शिवायची कल्पना कुठून सुचली. तुझं उत्तर: विमानाच्या खिडकीतून ढग बघताना. अरे मेल्या, तो शर्ट माझ्या दोरीवरून ‘दाखवायला नेतो’ म्हणून नेलास ना? का ढगावर वाळत घातला होता?

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. अंगात तोच शर्ट, तू परत आणून दिलेला. मी सरळ पदरचं वाक्य घातलं, की ही कल्पना मला माझ्या काकांमुळे सुचली. ते इतके खूश झाले की तेवढंच तीनदा वाचून घेतलं. चाळीस वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते.

आता पंचाईत अशी, की वीस तारखेला आपली ताई येतेय. लेक आली की बापाला सगळं वाचून दाखवते. ती ते ढग वाचणार, आणि त्यांना एकदम दोन गोष्टी कळणार: भाच्याने आपल्याला गाळलं आणि बायकोने फसवलं. काय करू ते कळव.

माया आहे म्हणूनच रागावतेय, हे विसरू नकोस.
तुझी मावशी

७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात उघडलं आणि दार लावून घेतलं. लाज वाटली मावशी, खूप लाज वाटली. चिठ्ठी घातली नाही, कारण काय लिहावं तेच सुचेना.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही तिघं उद्योजक एकाच खोलीत बसलो होतो. पहिला म्हणाला, त्याला कल्पना जंगलात सुचली. दुसऱ्याला परदेशातल्या म्युझियममध्ये सुचली. माझी पाळी आली तेव्हा ‘मावशीच्या दोरीवर’ म्हणायला जीभच वळेना. ढग आपसूक तोंडातून निघाले. एकदा निघाल्यावर मी त्यांना रंगसुद्धा दिला.

त्याची शिक्षाही चालू आहे. महिन्याभरात साठ शर्ट परत आले. एका बाईंनी लिहिलंय की माझ्या नवऱ्याचा उजवा हात लुळा आहे, तुमचा शर्ट डावीकडे उघडतो, आम्ही त्याचं काय करायचं? आमच्या कटिंगमास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, की गळ्यापासून मनगटापर्यंतची ही फट डाव्याच बाजूला का? मी ऐटीत म्हणालो होतो, तेच तर डिझाइन आहे. काकांचा डावा हात गेलाय म्हणून तू ती डावीकडे ठेवलीस, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या घरातलं दुखणं मी जसंच्या तसं छापत सुटलो होतो.

मी पेपरला लिहितो. तुझ्या नावाने लिहितो. फक्त आता तरी खरं सांग, तुला हे सुचलं कसं? तेव्हा विचारायला हवं होतं.

रागाव, पण परकं करू नकोस.
तुझा ढब्बू

१० मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

माझ्या नावाने लिहू नकोस. मला काही सुचलं नव्हतं.

काका दवाखान्यातून घरी आले त्याला पंधरा दिवस झाले होते. त्यांच्या ऑफिसातली जुनी मंडळी भेटायला आली आणि नेमकं त्याच वेळी वाटीतलं सूप त्यांच्या अंगावर सांडलं. मी म्हटलं, थांबा, मंडळींना बाहेर बसवून येते. तेवढ्यात त्यांनी माझी कापडाची कात्री ओढली आणि उजव्या हाताने शर्ट कापायला लागले, गळ्यापासून खांद्यावरून थेट मनगटापर्यंत. आपल्या हाताखाली काम केलेल्या माणसांसमोर त्यांना बायकोच्या हातून कपडे बदलून घ्यायचे नव्हते.

मी आत आले आणि ओरडले. नवाकोरा शर्ट! डोकं ठिकाणावर आहे का? लहान पोरापेक्षा वाईट झालात, असंही म्हणाले. बाहेर सगळ्यांनी ऐकलं. ढब्बू, तुझे काका रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

मंडळी गेल्यावर मी तोच शर्ट धुतला आणि जिथे त्यांनी कापला होता तिथेच टिचबटणं लावली. माफी मागायला तोंड नव्हतं म्हणून बटणं लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो एकट्याने घातला. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. तू मला विमानाची लाज सांगतोस. माझी लाज दोन वर्षं माझ्याजवळच आहे.

कात्रीचं लिही. सुपाचं आणि मी काय बोलले त्याचं लिहू नकोस.

आपली माणसं आहेत, सांभाळून घे.
मावशी

१५ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सोबतचं कात्रण पाकिटात शोधावं लागेल, एवढंसं आहे. पेपरवाल्यांनी पानाच्या तळाशी, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीशेजारी छापलंय. मी लिहिलंय: “मुलाखतीत मी खोटं बोललो आणि घरच्यांचं नाव घेतलं नाही. शर्टाला पहिली कात्री माझ्या काकांनी लावली, टिचबटणं मावशीने. विमानाचा यात काहीही संबंध नाही.”

हे जसंच्या तसं वाचलंस तर तुझं पदरचं वाक्य उघडं पडेल. हे न वाचता मुलाखतीचं मोठं कात्रण चुलीत घाल, असं सांगायचा मोह झाला होता. पण मी आधीच पुष्कळ ठरवलंय तुमच्या वतीने. तू ठरव.

उजव्या बाजूचे शर्ट सोमवारपासून सुरू.

लोभाला पात्र नाही, तरी मागतोय.
ढब्बू

२२ मार्च

चि. ढब्बूस काकांचे आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. कागद धरायला दुसरा हात नाही, म्हणून वर मावशीची कात्री ठेवली आहे.

तुझी मुलाखत मी मावशीच्या आधीच ऐकली होती. दाढी करायला येतो त्या न्हाव्याने सकाळीच कौतुकाने वाचून दाखवली, ढगांसकट. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दुपारी मावशी वाचायला बसली आणि तिच्या तोंडून माझं नाव आलं. मला वाटलं, न्हाव्याचं एखादं वाक्य सुटलं असेल. दुसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा ओळखलं. तिसऱ्यांदा नुसतं ऐकायला बरं वाटलं म्हणून. तिन्ही वेळा तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. बाई पक्की आहे.

ताई यायच्या आदल्या दिवशी तिने तुझं छोटं कात्रण घेतलं आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. ती बाजू मला नीट दिसत नाही, तिला माहीत आहे. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. चारच ओळी होत्या, पण वाचताना तिला तीनदा थांबावं लागलं.

मी तिला म्हटलं, इकडे ये, उजवीकडे बस.

तूही ये. न्हाव्याच्या भावाचा उजवा हात गेलाय, त्याच्यासाठी उजवीकडे उघडणारा एक शर्ट आण.

तुझे काका