सुनेची पहिली पेशंट

१२ एप्रिल, शनिवार
हिरड्यांची सफाई आज पुरी झाली. वर्षभर रक्त येत होतं, कुणाला बोलले नव्हते. शेवटी सुनेच्याच खुर्चीत बसले. विनिताला डहाणूत दातांचा दवाखाना टाकून महिना झाला, आणि हिरड्यांची पेशंट म्हणावी तर मी पहिली! हात हलका आहे पोरीचा.

१३ एप्रिल
सकाळी माठातलं पाणी तोंडात घेतलं – कळ थेट कानापर्यंत.

१६ एप्रिल
कोमट पाणी पिते. ताक नको म्हणते, पोट बरं नाही सांगते. शेजारच्या हिराबाई आधीच म्हणाल्या होत्या, सफाई केली की दात हलतात, मग पडतात. आता मी हूं की चूं केलं तर आमच्या नरपड गावभर होईल – सासूचेच दात बिघडवले. मग दवाखान्याची पायरी कोण चढेल?
गप्प आहे. पण जिभेने एकेक दात चाचपते.

२० एप्रिल, रविवार
पकडले गेले. लेकाने, प्रितेशने, ताडगोळे आणले, फ्रिजमधले गार. एक चावला आणि डोळ्यांतून पाणी. विनिताने पाहिलं. खोलीत नेऊन टॉर्चने तोंड तपासलं.
"आई, मला का नाही सांगितलं?"
तुझं नाव खराब झालं असतं, म्हटलं. तिने टॉर्च विझवला, शेजारी बसली.
मग समजावलं. दात घट्ट आहेत. सूज उतरली की हिरडी खाली बसते, दाताचं मूळ उघडं पडतं, म्हणून गार झोंबतं. सफाईआधी सांगितलं होतं म्हणे. मी घाबरलेली, ऐकलंच नसेल! झोंबण्यावरची पेस्ट दिली. मऊ ब्रश, दोन वेळा. शिवाय थोडी पेस्ट बोटाने दुखऱ्या दातांना लावून तशीच ठेवायची, चूळ भरायची नाही.

२४ एप्रिल
फरक शून्य. विनिता म्हणते, दोन-तीन आठवडे धीर धरा.

४ मे
कळ आता कानापर्यंत जात नाही. दातातच थांबते.

१३ मे
डहाणूला बर्फ घातलेला उसाचा रस प्याले. अख्खा ग्लास. काही नाही! आणखी एक घेतला.
घरी आल्यावर स्वतःहून हिराबाईंकडे गेले. काही दिवस झोंबतं, मग जातं, दात सगळे जागेवर आहेत, असं सांगितलं. उद्या दवाखान्यात येते म्हणाल्या.

१८ मे
दोन वर्षं मनात होतं ते आज विनिताला सांगून टाकलं. तलासरीच्या डोंगराकडची मुलगी आपल्या बागायतदार घरात नको, असं लग्न ठरताना मीच प्रितेशला म्हटलं होतं.
ती भात वाढत होती. वाढतच राहिली.
"माहीत आहे, आई. लग्नाआधीपासून."